कागद नसलेली घोडी : ओळख शोधण्याच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

डिसेंबरअखेरीस अमेरिकेतल्या आमच्या निवारा केंद्रात आलेल्या घोड्यांपैकी एका घोडीची ओळख शोधण्याचं काम आजपासून माझ्याकडे आलं. घोडी करडी आहे, म्हणजे आता जवळजवळ पांढरीच, आणि अंगभर तांबूस बारीक ठिपके. खांद्याच्या उंचवट्यापाशी उंची ६३ इंच. बरगड्या दिसतात, पण हाडपेर चांगलं आहे. गुरांच्या लिलावातून आली. पुठ्ठ्यावर लिलावाचा चिकटवलेला नंबर होता, त्यापलीकडे एक कागद नाही. इथे तिला सगळे पर्ल म्हणतात.

आधी मायक्रोचिप पाहिली. चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या थोडं खाली, डोकं आणि खांदा यांच्या साधारण मध्यावर टोचतात. स्कॅनर डावीकडून फिरवला, मग उजवीकडून, मग छातीपर्यंत खाली आणला, कारण चिप कधी कधी जागा सोडते. काही वाजलं नाही. यात नवल नाही. अमेरिकेत थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या शिंगरांना चिप सक्तीची झाली ती २०१७ पासून जन्मलेल्यांना, आणि ही घोडी त्याहून बरीच मोठी दिसते.

मग वरचा ओठ उलटून पाहिला. आत टॅटू आहे! पुसट आहे, पण आहे. एक अक्षर आणि पुढे पाच आकडे. क्वार्टर हॉर्स आणि स्टँडर्डब्रेड या जातींच्या घोड्यांनाही ओठात टॅटू करत असत, मात्र ही मांडणी थरोब्रेडची.

कामाला लागण्याआधी एक लिहून ठेवते. वंशावळ मोठी निघावी म्हणून हा शोध नाही. या घोडीच्या डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागे जाड गाठीसारखी सूज आहे आणि ती किती जुनी आहे ते पशुवैद्यांना हवं आहे. तिला वेत झाली आहेत का, हेही हवं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव नसलेला घोडा पुन्हा लिलावात गेला तर त्याच्यासाठी फोन करणारं कुणी नसतं. नाव सापडलं की निदान एखादा जुना मालक, एखादा ट्रेनर, एखादा पैदासकार सापडू शकतो.

१६ जानेवारी

टॅटू वाचण्याचा दिवस. दोघांनी मिळून केलं. एकाने डोकं धरलं, मी ओठ. ओठाची आतली बाजू आधी कापसाने कोरडी केली, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. लाळ राहिली की शाई चकाकते आणि काहीच कळत नाही. तबेल्याचं दार लोटून अंधार केला आणि अतिनील टॉर्च लावला. साध्या उजेडात निळसर डाग दिसत होते, ते या उजेडात रेषा झाले. शाई कातडीत टिंबाटिंबांनी टोचलेली असते. टिंबं पसरली की तीनचा आठ होतो आणि शून्याचा सहा. फोटो वेगवेगळ्या कोनांतून घेतले आणि नंतर संगणकावर रंग उलटे करून पाहिले.

पर्लने हे सगळं शांतपणे करू दिलं. ओठाला हात लागताच तिने स्वतःहून डोकं खाली घेतलं. शर्यतीच्या मैदानावर तेव्हा प्रत्येक शर्यतीआधी तपासनीस ओठ उलटून टॅटू पाहत असे, ती सवय अंगात मुरलेली असावी. पण सवय म्हणजे पुरावा नव्हे. पुढे जाऊ.

अमेरिकेत ही पद्धत १९४७ साली सुरू झाली. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या थरोब्रेड रेसिंग प्रोटेक्टिव्ह ब्युरोने ती आणली. एका घोड्याच्या नावावर दुसराच पळवण्याचे प्रकार थांबवायचे होते. अक्षर जन्मवर्षाचं असतं. १९७१ साठी ए, १९७२ साठी बी असं करत १९९६ ला झेड, आणि १९९७ पासून पुन्हा ए. आकडे जॉकी क्लबच्या, म्हणजे थरोब्रेडची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदणी क्रमांकातले. म्हणजे एकच अक्षर २६ वर्षांच्या अंतराने दोनदा येतं, पण २० वर्षांची घोडी आणि ४६ वर्षांची घोडी यांत गल्लत व्हायचं कारण नाही.

आमचं वाचन असं. अक्षराची डावी उभी रेघ ठसठशीत आहे, उजवीकडे गोंधळ. एच, के किंवा एन. पहिले दोन आकडे स्वच्छ. तिसरा तीन किंवा आठ. चौथा स्वच्छ. पाचवा शून्य, सहा किंवा आठ. पूर्ण क्रमांक इथे लिहीत नाही, कारण त्यावरून घोडीपर्यंत आणि तिच्या जुन्या मालकांपर्यंत कुणीही पोहोचू शकेल.

तीन अक्षरं, तिसऱ्या जागी दोन पर्याय, पाचव्या जागी तीन. एकूण १८ शक्यता.

२१ जानेवारी

दातांसाठी पशुवैद्य आले. एच म्हणजे २००४, के म्हणजे २००७, एन म्हणजे २०१०. अमेरिकेत थरोब्रेडचं वय सगळ्यांचं एकाच दिवशी, १ जानेवारीला वाढतं, तेव्हा आज ही घोडी २०, १७ किंवा १४ वर्षांची.

वरच्या जबड्यातल्या पटाशीच्या कडेच्या दातावर एक उभी खाच येते, तिला गॅल्व्हेनची खाच म्हणतात. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी उगवते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी खालच्या कडेला टेकते आणि मग वरूनच पुसत जाते. पर्लची खाच निम्म्याच्या खाली उतरली आहे, कडेला टेकलेली नाही. पशुवैद्यांनी १६ ते २० असं लिहून दिलं आणि बजावलं की या वयात दातांवरून दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होणारच. काय चावलं, कुठल्या जमिनीवर चरली, कुंपण कुरतडायची सवय होती का, सगळ्याचा परिणाम दातांवर होतो.

तरी दातांचं महत्त्व कमी नाही. इंग्लंडमधल्या १८४४ च्या एप्सम डर्बी शर्यतीत 'रनिंग रेन' नावाने पहिला आलेला घोडा खरं म्हणजे 'मॅकॅबियस' होता. तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत चार वर्षांचा घोडा. खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी एकच गोष्ट लावून धरली, घोडा हजर करा. तोंड उघडून पाहिलं असतं की वय कळलं असतं. घोडा तोवर गायब केलेला होता. अखेर विजय 'ऑर्लँडो'ला दिला गेला. कागदावर काहीही लिहिता येतं, दात मात्र तोंडातच राहतात. आम्ही घोडा घेऊन बसलो आहोत आणि कागद गायब आहेत, एवढाच फरक.

एन अजून सोडत नाही. झुकाव के किंवा एचकडे आहे.

२८ जानेवारी

१८ शक्यता जॉकी क्लबच्या टॅटू शोधात एकेक करून घातल्या. काही क्रमांकांवर टॅटूची नोंदच नाही, म्हणजे त्या क्रमांकाचं शिंगरू नोंदलं गेलं तरी ते शर्यतीपर्यंत पोहोचलं नाही. आलेल्या नावांतले नर आणि खच्ची केलेले घोडे लगेच बाद. उरल्या सात घोड्या. दोन तांबड्या, तीन कुमेत (तपकिरी अंग, काळी आयाळ), दोन करड्या.

करड्या दोन ठेवून बाकीच्या पाच सोडून द्याव्यात असं कुणालाही वाटेल. तसं करून चालत नाही. करडा घोडा करडा जन्मत नाही. शिंगरू काळसर, तांबडं किंवा कुमेत जन्मतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. जन्मानंतरच्या नोंदणीत कुमेत लिहिलेलं शिंगरू पुढे करडं निघू शकतं. उलटं मात्र होत नाही. एकदा पांढरा होत गेलेला घोडा पुन्हा कुमेत होत नाही.

मग आई-बाप पाहायचे. करडेपणा ज्या जनुकामुळे येतो त्याची एक प्रत पुरते, आणि ती असली की रंगात उतरतेच, लपून राहत नाही. म्हणून करड्या घोड्याच्या आई-बापांपैकी निदान एक करडा असलाच पाहिजे. वंशावळीच्या नोंदींत आई-बापांचे रंग असतात. दोन्ही तांबड्या घोड्यांचे आई-बाप करडे नाहीत. गेल्या. कुमेत तिघींपैकी दोघींचंही तेच. गेल्या. तिसरीची आई करडी आहे! ही एन अक्षराची. तिच्यासाठी अर्धा दिवस गेला. पैदाशीच्या घोड्यांच्या विक्रीतला तिचा एक फोटो मिळाला, त्या वेळी वय नऊ. अंग तुकतुकीत कुमेत, डोळ्यांभोवतीही एक पांढरा केस नाही. नऊ वर्षांपर्यंत करडेपणा लपून राहत नाही. तीही गेली, आणि तिच्याबरोबर एनही.

उरल्या दोन. एक एचची, २००४ ची. एक केची, २००७ ची. दोघी करड्या, दोघी पळालेल्या. दातांच्या अंदाजात दोघी बसतात.

या कामाचं सूत्र मला आज नीट दिसलं. जुळणाऱ्या दहा गोष्टी मिळून काही सिद्ध करत नाहीत, कारण त्या दुसऱ्या घोडीलाही जुळू शकतात. न जुळणारी एक पक्की गोष्ट मात्र एका घोडीला कायमचं बाद करते. म्हणून यापुढे जुळतं काय हे शोधायचं नाही, खटकतं काय ते शोधायचं.

४ फेब्रुवारी

नोंदणी कार्यालयाला पत्र आणि फोटो पाठवले. दोन्ही घोड्यांच्या नोंदणीतल्या खुणांचं वर्णन मागवलं आहे.

उत्तर यायच्या आत आपल्या घोडीच्या खुणा आपण लिहून ठेवायच्या, हे मी मुद्दाम ठरवलं. वर्णन आधी हातात आलं की डोळे तेच शोधायला लागतात.

अडचण ही की करडी घोडी पांढरी झाली की तिच्या पांढऱ्या खुणा दिसेनाशा होतात. कपाळावरचा तारा, नाकावरचा पट्टा, पायातले मोजे, सगळं आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळतं. पण कातडीत फरक राहतो. जन्मतः पांढरी खूण असते तिथली कातडी गुलाबी असते आणि बाकी अंगाची काळी, केस कितीही पांढरे झाले तरी. म्हणून कोमट पाणी आणि स्पंज. तोंड भिजवलं, केस चपटे बसले आणि खालची कातडी दिसायला लागली. कपाळ सगळं काळं. नाकाचं हाड काळं. मग दोन नाकपुड्यांच्या मध्ये, किंचित उजवीकडे कललेला, अंगठ्याच्या पेराएवढा गुलाबी डाग. बराच वेळ स्पंज फिरवत राहिले, कारण पाणी सुकत गेलं की कड हरवायची. कड नीट कागदावर काढून घेतली.

पाय भिजवले. तीन काळे. मागचा उजवा पाय खुराच्या लगेच वर, आतल्या बाजूने गुलाबी, आणि त्या जागेच्या खाली खुरावर फिकट पट्टा.

मग भोवरे. केसांचे भोवरे जन्मापासून जिथे असतात तिथेच राहतात, रंग बदलला तरी. आपल्या जुन्या अश्वपरीक्षेत भोवऱ्यावरून घोडा शुभ की अशुभ हे सांगत, देवमण हा शुभ मानलेला भोवरा असलेल्या घोड्याला मागणी असे. इथे शुभाशुभ नाही, पण भोवरा पाहायचा तो तितक्याच बारकाईने. पर्लच्या कपाळावर दोन भोवरे आहेत, एकाखाली एक. वरचा डोळ्यांच्या रेषेच्या वर, खालचा बरोबर रेषेत. मानेच्या दोन्ही बाजूंना आयाळीखाली एकेक, डावा उजव्यापेक्षा हातभर पुढे.

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूची शिंगासारखी खपलीही फोटोत घेतली. तिचा आकार प्रत्येक घोड्यात वेगळा असतो आणि अमेरिकेतल्या ओळख-नोंदींत तिचे फोटो घेत असत.

शेपटीखाली दोन लहान काळ्या गाठी हाताला लागल्या. पशुवैद्यांना दाखवल्या. उतारवयातल्या बहुतेक करड्या घोड्यांना अशा मेलेनोमाच्या गाठी येतात. करडेपणाचं जनुकीय कारण २००८ मध्ये सापडलं, एसटीएक्स १७ या जनुकातल्या एका तुकड्याची दुप्पट झालेली प्रत, आणि गाठींचा धोकाही त्याच बदलाशी जोडलेला आहे. गाठींची मापं घेऊन ठेवली, दर सहा महिन्यांनी पाहायचं ठरलं.

५ फेब्रुवारी

कालचे कागद पशुवैद्यांनी पाहून सही केली, तारीख घातली. पाकीट बंद.

१८ फेब्रुवारी

उत्तर आलं. दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचली.

एचच्या घोडीला कपाळावर तारा, मागच्या डाव्या पायात घोट्यापर्यंत पांढरा मोजा, कपाळावर एकच भोवरा, डोळ्यांच्या रेषेखाली. पर्लचं कपाळ भिजवल्यावर काळंकुट्ट आहे. मागचा डावा पाय काळा. भोवरे दोन. तीन ठिकाणी पक्कं खटकतं आणि तिन्ही गोष्टी वयाबरोबर बदलणाऱ्या नाहीत. एच बाद.

केच्या घोडीच्या नोंदीत नाकपुड्यांच्या मध्ये पांढरा डाग, मागच्या उजव्या पायावर खुराच्या वर आतल्या बाजूने पांढरं, कपाळावर दोन भोवरे, एक वर, एक डोळ्यांच्या रेषेत. मानेच्या भोवऱ्यांचंही तसंच.

तबेल्यात सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले. मलाही आनंद झाला, खूप झाला. तरी फाइलवर मी 'बहुधा' लिहिलं आहे. आमच्याकडे १८ शक्यता होत्या आणि त्यांतली एक टिकली, पण या १८ शक्यता आमच्या वाचनातून आलेल्या. आणि टॅटूचंही एक असतं. टॅटू करणारा माणूस समोरचा घोडा आणि समोरचे कागद जुळवून पाहत असे. कागदच दुसऱ्या घोड्याचे असले आणि घोडा दिसायला जवळचा असला, तर ओठातही दुसऱ्याचीच ओळख टोचली जायची.

१९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर 'लेबॉन' नावाचा घोडा एकास सत्तावन्न या भावाने जिंकला. तो होता 'सिंझानो', उरुग्वेचा नावाजलेला घोडा. अपघातात मेला असं सांगून त्याच्या विम्याचे पैसेही घेतलेले होते. फसवणूक उघडकीला आली ती उरुग्वेतल्या एका वार्ताहरामुळे. त्याने विजयाचा फोटो पाहिला आणि घोडा ओळखला. सगळी कागदपत्रं एकीकडे आणि त्या घोड्याला आधी पाहिलेला एक माणूस एकीकडे! १९८४ मध्ये ब्रिस्बेनला 'फाइन कॉटन'च्या जागी 'बोल्ड पर्सनॅलिटी' पळवला तेव्हा तर केसांना कलप आणि पायांना पांढरा रंग लावला होता, आणि शर्यत संपता संपताच सगळं बाहेर आलं. रंग लावता येतो. भोवरा लावता येत नाही, आणि रक्त तर नाहीच.

२४ फेब्रुवारी

आयाळीचे केस मुळासकट उपटून घेतले. कापलेले केस चालत नाहीत, डीएनए मुळातल्या गाठीत असतो. अमेरिकेत २००१ पासून शिंगराची नोंदणी करताना डीएनए तपासून आई-बाप खरे आहेत ना हे पाहतात, त्यामुळे २००७ च्या घोडीचा नमुना नोंदीत असणारच. केस कागदी पाकिटात घालून पाठवले. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

२ मार्च

निकाल यायचा आहे. तोवर केच्या घोडीची शर्यतींची कारकीर्द वाचायला घेतली. इक्विबेस या शर्यतींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक शर्यतीचा तक्ता मिळतो. अंतर, जमीन ओली की कोरडी, जॉकी, वजन, प्रत्येक टप्प्यावर घोडा कितवा होता, घोड्याच्या किती लांबींनी मागे होता, आणि शेवटी एका ओळीचा शेरा. हे शेरे लिहिणारी माणसं दुर्बिणीतून पाहून, अगदी थोडक्या शब्दांत, घोड्याचं सगळं सांगून जातात.

ही घोडी दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा पळाली. सहा फर्लांग, सातवी आली. शेरा, सुटायला उशीर. पुढच्या बहुतेक शर्यतींत हेच, सुटायला उशीर, सुटताना धक्का, मग शेवटच्या सरळ टप्प्यावर बाहेरून वेग. तिसऱ्या वर्षी एका मैलाच्या शर्यतीत पहिला विजय. छोट्या अंतरात तिला वेळ पुरत नव्हता हे तक्त्यावरून स्वच्छ दिसतं, आणि अंतर वाढवायला पहिल्या ट्रेनरने एवढा काळ का घेतला कळत नाही. मला तिच्या बाजूने राग आला, लिहून ठेवते.

मग क्लेमिंग शर्यती. या शर्यतींत प्रत्येक घोड्याला आधीच ठरलेली किंमत असते आणि शर्यतीपूर्वी पैसे भरून कुणीही पात्र परवानाधारक घोडा घेऊ शकतो. शर्यत संपली की घोडा नव्या तबेल्यात जातो. अमेरिकेतल्या शर्यतींचा फार मोठा भाग असाच चालतो. तक्त्यावर तिचा ट्रेनर बदलतो, पुन्हा बदलतो, आणि ठरलेली किंमत दर बदलाला खाली येते. ओळींतून हे वाचत जाणं सोपं नव्हतं.

तक्त्यात नावापुढे एल हे अक्षर आहे. म्हणजे लॅसिक्स हे औषध दिलं होतं. नव्याने वाचणाऱ्याला वाटेल की तिला पळताना फुप्फुसातून रक्त यायचं. त्या काळात अमेरिकेतले जवळजवळ सगळेच घोडे ते औषध घेऊन पळत. त्यावरून काहीही ठरवू नये.

शेवटची शर्यत २०१२ ची, पाचव्या वर्षी. शेऱ्यात लिहिलं आहे की वळणावर जॉकीने तिला थांबवलं आणि तिला घोड्यांच्या रुग्णवाहिकेतून नेण्यात आलं. पुढे ओळ नाही.

पर्लच्या डाव्या पुढच्या पायाची गाठ स्नायुबंधाची जुनी जखम आहे, हे पशुवैद्यांनी सोनोग्राफी करून सांगितलंच होतं. दोन्ही जोडून टाकायचा मोह होतो. तक्त्यात कुठला पाय ते लिहिलेलं नाही. टाचण केलं, 'सुसंगत, सिद्ध नाही.'

९ मार्च

पैदाशीच्या नोंदी. २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये तीन वेत. तिघांपैकी दोन पळाले, एक नोंदणीपुरता. २०१८ च्या अहवालात घोडी रिकामी राहिली असं आहे. तिथून पुढे काही नाही.

पशुवैद्यांना हे कळवलं. घोडीला वेत झालेली असावीत असं त्यांचं तपासणीतून मत होतंच.

२३ मार्च

डीएनए जुळला.

नोंदणी कार्यालयाचं पत्र दोन परिच्छेदांचं आहे. पाठवलेल्या केसांचा नमुना आणि नोंदीतला नमुना एकाच घोडीचा. फाइलवरचं 'बहुधा' खोडलं. बंद पाकीट उघडून पशुवैद्यांच्या सहीचं वर्णन आणि नोंदणीतलं वर्णन एकत्र टाचलं, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर कोणतं आधी लिहिलं ते दिसेल.

तिचं खरं नाव आता आम्हाला माहीत आहे. इथे लिहीत नाही, पण दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे, खाली कंसात पर्ल. तबेल्यातल्या मुलांनी लगेच नव्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. तिने कान टवकारले की नाही यावर वाद झाला. मी त्यात पडले नाही. शर्यतीतलं नाव कागदावर असतं, तबेल्यात घोड्याला भलत्याच नावाने हाक मारतात, तेव्हा तिने ते नाव पूर्वी कधी ऐकलंही नसेल.

६ एप्रिल

पैदासकाराचं पत्र आलं. फेब्रुवारीत लिहायचं मी टाळलं होतं, कारण ओळख पक्की नसताना कुणाच्या दारात जाऊन 'ही तुमची घोडी' असं सांगणं बरोबर नाही. डीएनएनंतर लिहिलं. जॉकी क्लबच्या थरोब्रेड कनेक्ट या सोयीतही पाहिलं होतं. तिथे मालक, पैदासकार असे लोक एखाद्या घोड्यापुढे आपलं नाव नोंदवून ठेवतात की या घोड्याला पुढे कधी घर लागलं तर मला कळवा. या घोडीपुढे कुणाची नोंद नव्हती.

पत्रासोबत एक फोटो आहे. आईच्या पोटाशी उभं असलेलं शिंगरू, जवळजवळ काळं, पाय लांबच लांब, आणि नाकपुड्यांच्या मध्ये उजवीकडे कललेला पांढरा ठिपका. मी भिंग घेऊन पाहिलं, माझ्या चित्राशी कड ताडून पाहिली. तीच.

त्यांनी लिहिलं आहे की ते शिंगरू अशक्त जन्मलं होतं आणि पहिल्या रात्री त्याला बाटलीने चीक पाजावा लागला. शिंगराला पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळाला नाही तर रोगप्रतिकारक शक्ती येत नाही, कारण घोडीच्या गर्भात आईची प्रतिद्रव्यं पिलापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे १७ वर्षांपूर्वी एका रात्री कुणीतरी हिच्याजवळ बसून होतं. वर्षभराची असताना ती विकली गेली आणि पुढचं त्यांना काही माहीत नव्हतं. शर्यती त्यांनी तक्त्यावर पाहिल्या होत्या. २०१२ नंतर शोधणं थांबवलं होतं.

त्यांनी खर्चाला हातभार लावायची तयारी दाखवली आहे, आणि आम्ही कधी तिला ठेवू शकलो नाही तर आधी त्यांना विचारावं असं लेखी मागितलं आहे. लेखी दिलं.

१४ एप्रिल

मायक्रोचिप टोचली, डाव्या बाजूला नेहमीच्या जागी. १५ अंकी क्रमांक नोंदणी कार्यालयाला कळवला. यापुढे स्कॅनर फिरवणाऱ्याला ओठ उलटायची गरज पडणार नाही.

पशुवैद्यांचे निर्णयही फाइलमध्ये लावले. जखम जुनी आणि भरलेली आहे. सरळ, सपाट जमिनीवर हलकी रपेट चालेल, उड्या नाहीत, खोल वाळूत पळवणं नाही. पैदाशीसाठी वापरायची नाही.

राहिला २०१८ ते २०२३ चा काळ. यासाठी एक वाट अजून आहे. अमेरिकेत घोडा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा, विकायचा, प्रदर्शनात न्यायचा, तर संसर्गजन्य पंडुरोगाची कॉगिन्स चाचणी लागते. त्या फॉर्मवर घोड्याचं चित्र किंवा फोटो, खुणा, मालकाचं नाव आणि रक्त घेणाऱ्या पशुवैद्याची सही असते. प्रत पशुवैद्याकडे राहते. २०१८ मधला शेवटचा मालक माहीत आहे, त्यांचे पशुवैद्य कोण ते विचारायला पत्र गेलं. दुसरं पत्र लिलावाच्या कार्यालयाला, तिथे आणून सोडणाऱ्याच्या कॉगिन्सची प्रत असायला हवी.

तिच्या तीन पिलांपैकी एकाचा ठावठिकाणा लागला आहे. सातव्या वर्षी शर्यतीतून काढलेला खच्ची घोडा, आता कुणाच्या तरी रपेटीला. त्याच्या मालकिणीला आईचे फोटो हवे आहेत. उद्या उजेड चांगला असताना काढायचे, आणि त्याआधी तिचं नाक भिजवायचं, म्हणजे ठिपका दिसेल.